वहिनीच्या गोळ्या

वहिनीने गरोदरपणात फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या, असंच आमच्या घरात सगळ्यांना सहा वर्षं वाटत होतं. भाऊ ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचा, "हिचा अतिशहाणपणा" म्हणून. मी तिथेच बसलेली असायचे. कधी कधी तर त्याच पाहुण्यांना चहा देत असायचे. त्या गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या, हे फक्त मला आणि वहिनीला माहीत होतं, आणि दोघीही त्यावर कधी बोललो नव्हतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दादरच्या एका मराठी शाळेत, आठवी ते दहावी. हे मुद्दाम आधी सांगते, कारण मला काही कळतच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. आमच्या घरात देव नाही, देवऋषी नाही, उपासतापास नाही. वडील गिरणीत बदली कामगार होते आणि आम्हा दोघा भावंडांना एकच सांगायचे, पटल्याशिवाय मान हलवायची नाही. दरवर्षी मी शाळेत अंधश्रद्धेवर एक तास घ्यायचे. त्यात फिटचा भाग असायचाच. मेंदूतल्या विजेचा थोडा वेळ गोंधळ होतो, बाकी काही नाही. चप्पल हुंगवायची नाही, कांदा फोडायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. माणसाला कुशीवर वळवायचं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची.

वहिनी आमच्याकडे आली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, अजूनही नाही. लालबागच्या चाळीत दोन खोल्या, त्यात आई, भाऊ, मी आणि आता ही. ती अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, वडील सरकारी खात्यात क्लार्क. स्वतः चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. माझ्याहून लहान, म्हणून मी तिला वहिनी म्हणत असले तरी अगं-तुगं करायचे. ती मला ताई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मला ती आवडायची. हे खरंच आहे. रविवारी आम्ही दोघी मासळी आणायला जायचो, आणि बोंबील ताजे आहेत की कालचे यावरून ती कोळणीशी असा वाद घालायची की मीच लाजून चार पावलं मागे उभी राहायचे.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. सहावा महिना चालू असताना एका सकाळी मला पदराला लावायला पिन हवी होती. वहिनी मोरीत अंघोळ करत होती. तिची पर्स खुंटीला होती. विचारलं असतं तर तिने आतून सांगितलं असतं, पण मी सरळ हात घातला. आत चष्म्याचं घर लागलं. वहिनी चष्मा लावत नसे. उघडून पाहिलं तर गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा.

मी त्या परत ठेवल्या, पण नाव लक्षात ठेवलं आणि जिना उतरता उतरता मोबाईलवर शोधलं. फिटच्या गोळ्या. मग 'फिटच्या गोळ्या आणि गरोदरपण' असं शोधलं. जे पान उघडलं त्यावर बाळाच्या मणक्याचं, ओठाचं, बुद्धीचं काय काय होऊ शकतं ते लिहिलं होतं. ते नेमकं कुठल्या गोळीबद्दल लिहिलंय, हे मी पाहिलं नाही. एखाद्या पोराने अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिलं तर मी लाल पेनाने रेघ मारते. त्या दिवशी जिन्यात उभं राहून मी तेच केलं.

संध्याकाळी आई भाजी आणायला खाली गेली तेव्हा मी वहिनीला विचारलं.

"तुझ्या पर्समधल्या गोळ्या कसल्या आहेत?"

तिचा चेहरा उतरला. पोटाला हाताचा आधार देत ती पलंगावर बसली.

"तुमच्या भावाला माहीत आहे," ती म्हणाली. "लग्नाआधीच सांगितलंय मी. दहावीत असल्यापासून आहे मला. पण आता पाच वर्षांत एकदाही फिट आलेली नाही."

"आणि आम्हाला?"

"हेच म्हणाले, नको सांगायला. आईंना उगाच काळजी."

"पोटात बाळ आहे आणि तू असल्या गोळ्या खातेस?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, ताई. आधीची गोळी बाळाला चालली नसती, म्हणून लग्न ठरलं तेव्हाच बदलून घेतली. ही चालते. एक दिवससुद्धा चुकवायची नाही म्हणालेत."

हे सगळं तिने मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलंच नाही असंही नाही. ऐकलं, आणि बाजूला सारलं.

"डॉक्टर काय, लिहून देतात," मी म्हणाले. "बाळ तुझं आहे. उद्या त्याला काही झालं तर आईला काय सांगणार आहेस?"

 आणि मग मी ते वाक्य बोलले, जे आजही भांडी घासताना, वह्या तपासताना मध्येच आठवतं आणि माझे कान गरम होतात.

"मी सांगू का आईला? की तू बंद करतेस?"

बाळाच्या काळजीने बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. मला राग आला होता. लहानपणापासून मला सगळं सांगणाऱ्या भावाने एवढी गोष्ट दोन वर्षं लपवली, तीही त्याच दोन खोल्यांत, मध्ये फक्त एक पडदा असताना. आणि त्या रागाच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरात असलं काही नको, असं मला वाटलं होतं. पोरांना शिकवताना मी ज्याला निव्वळ विजेचा गोंधळ म्हणायचे, तो माझ्या घरात निघाला तेव्हा मला तो डाग वाटला.

वहिनीने त्या दोन स्ट्रिपा माझ्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेच्या टीचर्स रूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि वर चहाचे कागदी कप दाबले. भावाने कधी विचारलं तर ती "घेतली" एवढंच म्हणायची.

पहिला आठवडा काही झालं नाही. मी मनातून खूश होते. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप उडाला. सुटला नाही, उडाला. हाताला आतून कुणी हिसका दिल्यासारखा. आई म्हणाली, "अशक्तपणा आलाय गं तुला, खात जा नीट." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी फडकं आणायला उठले. त्या दिवशी शाळेत मी पुन्हा मोबाईलवर वाचलं, आणि या वेळी नीट वाचलं. सकाळच्या वेळी हाताला येणारे असे झटके ही फिटचीच आधीची खूण असू शकते, आणि गोळी एकदम बंद करणं सगळ्यात वाईट. मी मोबाईल पालथा घातला. अजून आठवडाभर बघू, असं ठरवलं. काय बघणार होते मी? पण वहिनीकडे जाऊन "चुकलं माझं, गोळी सुरू कर" म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्या एका आठवड्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते. आधी मी अर्धवट वाचून बोलले होते. आता मला कळलेलं होतं.

तो रविवार होता. भाऊ कामाला गेला होता, आई मागच्या इमारतीत मैत्रिणीकडे. वहिनी दारापाशी उभी राहून केस विंचरत होती. मी वह्या तपासत होते. एक आवाज आला, घशातून निघालेला, लांबच लांब, तिचा वाटतच नव्हता. वर पाहिलं तोवर ती ताठ होऊन पडली होती. पडताना दारालगतच्या मोरीचा कठडा भुवईला लागला. मग हातपाय झटके द्यायला लागले, तोंडातून फेस, गाऊन ओला.

मी उठले, आणि पहिलं काम काय केलं, तर दार लावलं. कडी घातली.

आमच्या मजल्यावर दिवसा सगळ्यांची दारं उघडी असतात. कुणी पाहू नये, एवढंच माझ्या डोक्यात आलं. कडी लावून मी वळले आणि तिच्याकडे पाहत उभी राहिले. कुशीवर वळवायचं असतं हे मला आठवत होतं. वाक्य आठवत होतं, हात हलत नव्हते.

दारावर थापा बसल्या. शेजारची काकू होती, मालवणकडची, चौथी शिकलेली.

"गो, दार उघड! काय झाला तिका?"

"काही नाही काकू, चक्कर आली."

"चक्कर नाय ती. आवाज आयकलंय मी. उघड आधी!"

मी कडी काढली. काकू आत आली, तिने वहिनीच्या डोक्याखाली स्वतःचा पदर घडी करून सरकवला आणि माझ्यावर ओरडली, "बघत काय ऱ्हवलंस? तिका कुशीर कर. डाव्या कुशीर, पोटुशी आसा ती. तोंडात काय घालू नको. घड्याळात बघ किती वाजले ते."

आम्ही दोघींनी तिला वळवलं. काकू तिच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि हळू आवाजात "जाता, जाता, आता जाता" असं म्हणत राहिली. नंतर कळलं की काकूच्या भावाला लहानपणापासून फिट्स यायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून ती पंचवीस वर्षं राहत होती, मी तिला कधी विचारलं नव्हतं. झटके थांबले तेव्हा दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात नेलं. भुवईला टाके पडले. जीभ चावली गेली होती. बाळाचे ठोके आधी नीट लागेनात, मग लागले, आणि नर्सने मशीनचा आवाज मोठा करून आम्हाला ऐकवला. तोवर भाऊ आला होता, आईही आली होती. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

"गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"हो, रोज घेते," भाऊ म्हणाला.

वहिनी नुकतीच भानावर आली होती. सुजलेल्या जिभेने ती म्हणाली, "नाही. तीन आठवडे नाही घेतल्या."

"का?"

"भीती वाटली. बाळाला काही होईल म्हणून."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

ती छताकडे पाहत होती. "कुणी नाही. मीच."

मी पलंगाच्या पायाशी तिच्या चपला हातात धरून उभी होते. माझ्या आणि तिच्यामध्ये चार फूट अंतर असेल. "मी सांगितलं" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही.

भाऊ मात्र बोलला. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. "अक्कल आहे का तुला? माझं मूल आहे ते पण! डॉक्टरांपेक्षा शहाणी झालीस?" त्या डॉक्टरीणबाईंनीच त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "ओरडू नका. पुष्कळ जणी असंच करतात. घाबरून सोडतात. पण ही गोळी बाळाला जितका त्रास देईल, त्याहून फिट जास्त देते. आई पडली की बाळही पडतं. उलट गरोदरपणात औषध रक्तात कमी पडायला लागतं, कधी कधी वाढवावं लागतं."

आईला हे सगळं तिथेच, त्या वॉर्डात, पहिल्यांदा कळत होतं. मी तिच्याकडे पाहत होते. जिच्या नावाने मी वहिनीला धमकावलं होतं, ती आता काय म्हणते याची मी वाट बघत होते. आई वहिनीच्या उशाशी स्टुलावर बसली.

"शाळेत असल्यापासून आहे तुला?"

"हो."

"मग मला सांगायचं की गं. पाणी भरायला पहाटे उठवलं नसतं मी तुला. झोप मोडलेली चालत नाही या दुखण्यात."

बस्स, एवढंच. मी तिथून निघून कॉरिडॉरमध्ये गेले. रडले वगैरे नाही. नळावर चपला धुतल्या, कारण त्यांना रक्त लागलं होतं.

गोळ्या परत सुरू झाल्या, वाढवून. वहिनीने दुकान सोडलं नाही; नववा लागेपर्यंत जात राहिली, फक्त भाऊ सोडायला-आणायला जायचा. मला ती पूर्वीसारखंच ताई म्हणायची. घरी काकू आणि आई तिला एकटीला मोरीचं दार लावू द्यायच्या नाहीत, नुसतं लोटून ठेवायला लावायच्या. बाळंतपण नीट झालं. सिझर करावं लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिट आहे म्हणून सिझर करत नाहीत. कळा सुरू झाल्या तरी गोळीची वेळ चुकवायची नाही एवढं त्यांनी बजावलं होतं, आणि त्या दिवशी ती गोळी वेळेवर आत नर्सच्या हातात देण्याचं काम माझ्याकडे आलं. भावाने विश्वासाने दिलं. "तुला कळतं यातलं," तो म्हणाला. दुपारी मुलगी झाली. हाताची बोटं, ओठ, पाठ, मी सगळं तपासून पाहिलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी काय शोधतेय हे तिला बरोबर कळत होतं.

पुढची वर्षं चांगली गेली. मुलीला आंघोळ घालताना वहिनीजवळ कुणीतरी असायचंच, आणि पाजायला ती जमिनीवर गादी टाकून बसायची, म्हणजे काही झालंच तर मूल उंचावरून पडायला नको. पण फिट परत आली नाही. शाळेत त्या वर्षी माझा अंधश्रद्धेचा तास मी दुसऱ्या बाईंना दिला, घसा बसलाय म्हणून. पुढच्या वर्षीपासून मीच घेऊ लागले. माणूस सरावतो.

मुलगी सहा वर्षांची असताना एका दुपारी आम्ही सगळे जेवत होतो. काहीतरी औषधाचं बोलणं निघालं आणि भावाने नेहमीची गोष्ट सुरू केली. मुलगी ऐकत होती. तिने आईला विचारलं, "तू का नाही घेतलीस गोळी? मला पोटात लागलं असतं तर?"

वहिनी म्हणाली, "चुकले मी, बाळा."

ते मला ऐकवलं नाही. मी म्हणाले, "तिने नाही. मी बंद करायला लावली होती." आणि मग सगळं सांगितलं, पर्समध्ये हात घातला तिथपासून ते दाराला कडी लावली तिथपर्यंत. आईने ताट पुढे सरकवलं. भाऊ हात न धुता उठून गॅलरीत गेला. तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही, आणि नंतर बोलला तेही कामापुरतं.

मला वाटलं होतं वहिनीला बरं वाटेल. भांडी आवरताना मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तू माझं नाव घेतलं नाहीस. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

ती भांडं विसळत होती. नळ बंद करून माझ्याकडे वळली.

"उपकार कसले, ताई? मला याच घरात राहायचं होतं. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचा भाऊ तुमच्यावर ओरडला असता, दोन दिवस. मग? मी बहीण-भावाला तोडणारी झाले असते. आधीच आजार लपवून आलेली."

तिने विसळलेलं भांडं पालथं घातलं.

"आणि आज सांगितलंत ते कुणासाठी?" ती म्हणाली. "मला पाहिजे होतं तेव्हा, त्या वॉर्डात. सगळ्या बायकांसमोर ते माझ्यावर ओरडत होते तेव्हा. तुम्ही माझ्या चपला धरून उभ्या होतात."

सहा वर्षं मी मनात तिला मोठ्या मनाची करून ठेवलं होतं. तिच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता, हे मला कधी सुचलं नव्हतं. सुचायला काय हरकत होती? मीच तर तो बंद केला होता.

त्यानंतर वर्षाच्या आत चाळ पुनर्विकासाला गेली. आई आणि मी परळला भाड्याच्या खोलीत आलो, भाऊ-वहिनी अँटॉप हिलला, तिच्या माहेरच्या जवळ. मागच्या वर्षी एकदा भाऊ आईला घ्यायला आला होता. ते दोघं गेल्यावर, जिन्यात त्यांच्याशी बोललेल्या शेजारणीने मला विचारलं, "मग, कितवा महिना वहिनींना?" मला माहीतच नव्हतं. आई परत आल्यावर मी विचारलं. आई चपला काढता काढता म्हणाली, "पाचवा. तुला इतक्यात सांगू नका म्हणाली ती. मी काय करू?"

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले, आणि भाजी निवडायला घेतली.

मुलगा झाला. गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या, सगळं सुरळीत झालं, हे मला फोनवर कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हॉस्पिटलात गेले. वहिनी उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"आत्ताच झोपलाय," ती म्हणाली.

तो टक्क जागा होता. मी हात मागे घेतले आणि खुर्चीवर बसले. मुलीच्या शाळेबद्दल विचारलं, तिने सांगितलं.  बाहेरच्या ट्रॉल्यांचा आवाज ऐकत आम्ही दोघी पंधरा-वीस मिनिटं तशाच बसलो. शेवटी तिला बाथरूमला जायचं होतं. तिने दाराकडे पाहिलं, भाऊ येतोय का म्हणून. तो येत नव्हता. नर्सही दिसेना.

"ताई," ती म्हणाली, "जरा धरा याला."

मी धरला. ती भिंतीला हात लावत गेली, आणि बाथरूमचं दार नुसतं लोटून घेतलं. ती बाहेर येईपर्यंत मी जागची हलले नाही.